स्टोक्स वहन

स्टोक्स वहन किंवा स्टोक्स ड्रिफ्ट म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागावरून जाणाऱ्या लाटांमुळे पाण्याचे, तसेच त्यात तरंगणाऱ्या वा निलंबित असलेल्या बारीक कणांचे लाटेच्या दिशेने होणारे संथ निव्वळ स्थलांतर. ब्रिटिश-आयरिश गणितज्ञ व भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स यांनी १८४७ मध्ये ते गणिताने दाखवून दिले व त्यांच्याच नावाने ते ओळखले जाते. खुल्या समुद्रात या वहनाचा वेग सहसा सेकंदाला काही सेंटीमीटर इतकाच असतो. मात्र लाटा अखंड चालू असल्याने दिवसाकाठी ते काही किलोमीटरांचे अंतर भरते. सांडलेले तेल, तेलगोळे, प्लास्टिकचे सूक्ष्मकण, माशांची अंडी व अळ्या, तुटून वाहणारे समुद्रशैवाल यांचा प्रवास समजण्यासाठी हे वहन विचारात घ्यावे लागते. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर, विशेषतः कोकण व गोव्यात, पावसाळ्याच्या सुमारास येणाऱ्या तेलगोळ्यांमुळे या विषयाला व्यावहारिक महत्त्व आले आहे.

स्वरूप

लाट पुढे जाते म्हणजे पाणी पुढे जाते, असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात लाटेबरोबर पुढे सरकते ती मुख्यतः ऊर्जा. वाऱ्याने ज्वारीच्या शेतावरून लाट सरकत गेल्यासारखी दिसते, पण प्रत्येक ताट आपल्या जागीच डोलत असते; समुद्राचेही जवळजवळ तसेच आहे. खोल पाण्यात लाट जात असता पाण्याचा प्रत्येक लहानसा अंश वर्तुळाकार मार्गाने फिरतो. शिखराखाली तो पुढे, तर गर्ताखाली मागे जातो. पृष्ठभागावर या वर्तुळाचा व्यास लाटेच्या उंचीइतका असतो व खोलीबरोबर तो झपाट्याने कमी होत जातो.

परंतु हे वर्तुळ पूर्णपणे मिटत नाही. याची कारणे दोन आहेत. कण वर्तुळाच्या वरच्या भागात असताना पुढे जातो आणि तेथे पाण्याची गती अधिक असते. खालच्या भागात तो मागे येतो आणि तेथे गती थोडी कमी असते. शिवाय पुढे जाताना कण लाटेच्याच दिशेने सरकत असल्याने शिखराखाली तो किंचित अधिक काळ राहतो, उलट मागे येताना गर्त त्याच्यावरून लवकर निघून जाते. दोन्ही कारणांनी प्रत्येक लाटेगणिक कण जिथून निघाला त्याच्या थोडा पुढे येऊन थांबतो आणि त्याचा मार्ग लांबलचक मळसूत्रासारखा दिसतो. समुद्रात एका जागी रोवलेल्या वेगमापकाला मात्र हे वहन दिसत नाही. गर्ताच्या पातळीखाली बसवलेल्या अशा यंत्रात पुढील व मागील गतींची सरासरी शून्य भरते. कणाबरोबर प्रवास करणाऱ्या निरीक्षकालाच ते जाणवते. स्थिर जागेवरून केलेल्या वर्णनास ऑयलरचे व कणासोबतच्या वर्णनास लाग्रांजचे वर्णन म्हणतात. स्टोक्स वहन हा या दोन वर्णनांतील सरासरी वेगांचा फरक होय.

परिमाण

खोल पाण्यातील एकसारख्या लाटांसाठी पृष्ठभागावरील स्टोक्स वहनाचा वेग हा लाटेची कोनीय वारंवारता, तिचा तरंगांक आणि तिच्या आयामाचा वर्ग यांच्या गुणाकाराइतका असतो. आयाम म्हणजे लाटेच्या उंचीचा निम्मा भाग. आयामाचा वर्ग येत असल्याने उंची दुप्पट झाली तर वहन चौपट होते. आवर्तकाल वाढला तर वहन वेगाने घटते.

दोन मीटर उंचीची व ८ सेकंद आवर्तकालाची लाट घेतली, तर तिची तरंगलांबी सुमारे १०० मीटर व तिचा स्वतःचा वेग सेकंदाला सुमारे १२.५ मीटर येतो. तिने होणारे पृष्ठवहन सेकंदाला सुमारे ५ सेंटीमीटर, म्हणजे दिवसाला ४ किलोमीटरांहून थोडे अधिक असते. एका लाटेत कण २ मीटर व्यासाची फेरी मारतो आणि निव्वळ सुमारे ४० सेंटीमीटर पुढे सरकतो. चार मीटर उंचीच्या व १० सेकंदांच्या लाटेत हेच वहन दिवसाला सुमारे ८ ते ९ किलोमीटरांपर्यंत जाते. याउलट दूरच्या वादळातून आलेली एक मीटर उंचीची, १४ सेकंदांची लांब लाट दिवसाला जेमतेम २०० मीटर वहन करते. हे आकडे आदर्श, एकसारख्या लाटांचे आहेत. खऱ्या समुद्रात निरनिराळ्या उंचीच्या व लांबीच्या लाटा एकमेकींत मिसळलेल्या असतात आणि पृष्ठभागालगतच्या वहनात आखूड लाटांचा वाटा त्यांच्या उंचीच्या मानाने बराच मोठा असतो.

खोलीबरोबर वहन लाटेच्या गतीपेक्षाही अधिक वेगाने घटते. वरील पहिल्या उदाहरणात ८ मीटर खोलीवर ते पृष्ठभागाच्या जवळपास एक तृतीयांश व १८ मीटरांवर एक दशांश उरते. त्यामुळे एखादा कण अगदी वर तरंगतो की दोन-चार मीटर खाली असतो, यावर त्याचा मार्ग ठरतो.

इतिहास

लाटांचे पहिले अचूक गणिती उत्तर प्रागचे अभियंता फ्रांत्स योसेफ गेर्स्टनर यांनी १८०२ मध्ये मांडले. त्यांच्या लाटेत कण पूर्ण मिटलेल्या वर्तुळात फिरतात व वहन मुळीच होत नाही. मात्र त्यासाठी पाण्यात विशिष्ट प्रकारचे भ्रमण गृहीत धरावे लागते. जर्मनीतील एर्न्स्ट व विल्हेल्म वेबर या बंधूंनी लाटांच्या टाकीत कणांच्या हालचालींचे निरीक्षण करून १८२५ मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. स्टोक्स यांनी केंब्रिज फिलॉसॉफिकल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या लेखात भ्रमणरहित लाटा घेतल्या आणि आयामाच्या वर्गापर्यंत गणित नेले असता निव्वळ वहन उरते, हे सिद्ध केले.

त्यानंतर जवळपास शतकभर हा विषय पाठ्यपुस्तकांतच राहिला. अर्विंग लँगम्युअर यांनी अटलांटिक महासागर ओलांडताना वाऱ्याच्या दिशेने लांबच लांब ओळींत जमलेले समुद्रशैवाल पाहिले आणि १९३८ मध्ये पृष्ठभागाखालील समांतर भोवऱ्यांचे वर्णन केले. हे भोवरे स्टोक्स वहन व वाऱ्याने निर्माण झालेला प्रवाह यांच्या परस्परक्रियेतून उद्भवतात, हे क्रेक व लायबोविच यांनी १९७६ मध्ये दाखवले. फ्रिट्झ उर्सेल यांनी १९५० मध्ये फिरत्या पृथ्वीवरील स्थिर स्थितीत या वहनाला विरोध करणारा प्रवाह निर्माण होतो असे दाखवून सर्वांना बुचकळ्यात टाकले. मायकेल लाँग्वेट-हिगिन्स यांनी १९५३ मध्ये तळालगतच्या पातळ थरात पाण्याच्या चिकटपणामुळे लाटेच्या दिशेने वेगळे वहन होते, हे सिद्ध केले. किनाऱ्यावरील वाळूच्या अभ्यासासाठी हा निष्कर्ष पायाभूत ठरला.

कणांचे स्वतःचे गुणधर्म

स्टोक्स यांचे गणित पाण्याच्या अंशांसाठी आहे. पाण्यात सोडलेला कण पाण्यासारखाच वागेल असे नाही. तो हलका असेल तर वर राहतो व सर्वाधिक वहनाच्या थरात असतो. जड असेल तर खाली बसत जातो व जाताना वहनाच्या घटत्या थरांतून उतरतो. अतिसूक्ष्म कण पाण्याच्या गतीशी लगेच जुळवून घेतात, तर थोडे मोठे कण जडत्वामुळे मागे पडतात किंवा पुढे रेटले जातात. अशा कणांची गती १९८३ मध्ये मांडलेल्या मॅक्सी व रायली यांच्या समीकरणाने वर्णिली जाते.

समुद्रातील प्लास्टिक क्वचितच गोल असते. मासेमारीच्या जाळ्यांचे व दोरांचे तंतू, पिशव्यांचे पापुद्रे, बाटल्यांच्या कपच्या असे त्याचे आकार असतात. लाटेखाली अशा अगोल कणांचे काय होते, हा अलीकडच्या काही डॉक्टरेट संशोधनांचा विषय झाला आहे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात २०१८ च्या सुमारास झालेल्या अभ्यासांत असे दिसले की लाट कणाला केवळ डोलवत नाही, तर हळूहळू ठरावीक कलाकडे वळवते आणि हा कल कणाच्या आकारावर अवलंबून असतो. म्हणजे स्थानाप्रमाणेच कणाच्या कोनाचेही वहन होते. कण कोणत्या कलाने पाण्यात आहे त्यावर त्याचा खाली बसण्याचा वेग ठरतो. त्यामुळे एकाच वजनाचा तंतू आणि गोळी एकाच जागी सोडली तरी त्या वेगवेगळ्या जागी तळाला लागू शकतात.

फुटणाऱ्या लाटा हलके कणही काही मीटर खाली ढवळून नेतात. केवळ पृष्ठभागावर जाळे ओढून केलेल्या मोजणीत वादळी दिवशी प्लास्टिक कमी आढळते, त्याचे एक कारण हेच आहे.

वारा व प्रवाहांशी संबंध

तरंगणाऱ्या वस्तूवर समुद्रप्रवाह, लाटा आणि पाण्याबाहेरील भागाला लागणारा वारा अशी तीन बले एकाच वेळी काम करतात. सांडलेले तेल वाऱ्याच्या वेगाच्या सुमारे ३ टक्के वेगाने सरकते, असा व्यवहारातील जुना ठोकताळा आहे. त्यापैकी साधारण १ टक्का स्टोक्स वहनाचा असतो. लाटा बहुधा वाऱ्याच्याच दिशेने जात असल्याने ही दोन बले एकमेकांपासून वेगळी करणे कठीण जाते. पाण्याबाहेर जितका अधिक भाग, तितका वारा प्रभावी. ओमानजवळ खलाशांनी सोडून दिलेले ‘पवित’ हे तेलवाहू जहाज ३१ जुलै २०११ रोजी मुंबईच्या जुहू किनाऱ्याला लागले. हे उदाहरण कधीकधी लाटांच्या वहनाचे म्हणून दिले जाते, पण एवढ्या मोठ्या जहाजाच्या बाबतीत मोसमी वाऱ्याचा थेट जोर दुर्लक्षून चालत नाही.

दूर अंतरावरील परिणाम कधीकधी अनपेक्षित असतात. दक्षिण हिंदी महासागरातील केर्गेलेन बेटांवरून तुटलेले समुद्रशैवाल अंटार्क्टिकाजवळच्या किंग जॉर्ज बेटावर सापडले, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जनुकीय पुराव्याने सिद्ध झाले. त्याने २० हजार किलोमीटरांहून अधिक प्रवास केला होता. केवळ प्रवाहांचे प्रारूप वापरले असता असा प्रवास शक्य दिसत नव्हता. वादळी लाटांचे वहन मिळवल्यावरच तो शक्य दिसला. याउलट महासागरांच्या मध्यभागी तयार झालेल्या प्लास्टिकच्या साठ्यांना स्टोक्स वहन कारणीभूत नाही, मात्र ते प्लास्टिकला ध्रुवीय प्रदेशाकडे लोटते, असे २०१९ मधील एका अभ्यासातून पुढे आले.

किनाऱ्याजवळ

पाण्याची खोली तरंगलांबीच्या निम्म्याहून कमी झाली की लाटेला तळ लागतो. वर्तुळाकार मार्ग चपटे होत जातात व तळाशी पाणी केवळ पुढे-मागे सरकते. किनारा हा बंद दरवाजा आहे. लाटांनी वर आणलेले पाणी कुठेतरी परत गेलेच पाहिजे. ते खालच्या थरातून समुद्राकडे परतते. परिणामी वर तरंगणारे कण किनाऱ्याला लागतात आणि मधल्या थरात निलंबित असलेले कण बाहेर नेले जातात. जपानच्या सेतो अंतर्गत समुद्रातील २०१४ च्या अभ्यासात प्लास्टिकची अशी निवड आढळली: मोठे व अधिक तरंगणारे तुकडे किनाऱ्यालगत, तर सूक्ष्मकण तुलनेने बाहेर. किनाऱ्यावर पडलेले मोठे तुकडे उन्हाने व घर्षणाने फुटतात आणि त्यांचे सूक्ष्मकण पुन्हा समुद्रात जातात. पुळणीवरील कचरा वेळेत उचलला तर समुद्रात जाणारे सूक्ष्मकण कमी होतील, या अपेक्षेमागे हेच निरीक्षण आहे.

वाळूच्या बाबतीत ऋतूचा खेळ असतो. कोकण व गोव्याच्या किनाऱ्यावर पावसाळ्यातील उंच, तीव्र उताराच्या लाटा पुळण खरवडून वाळू समुद्रात नेतात व ती किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर बांधासारखी साठते. पावसाळा ओसरल्यावर सौम्य, लांब लाटा तळालगतच्या वहनाने तीच वाळू परत आणतात. जूनमध्ये खचलेली पुळण फेब्रुवारीत पुन्हा रुंद दिसते ती यामुळे.

भारताचा पश्चिम किनारा

अरबी समुद्राच्या पूर्व भागात लाटांची तीन मुख्य उगमस्थाने आहेत. जून ते सप्टेंबरमध्ये नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या लाटा येतात आणि त्यांची उंची अनेकदा ३ मीटरांच्या पुढे जाते. दक्षिण महासागरात उठलेल्या लांब लाटा वर्षभर येत राहतात. नोव्हेंबर ते मार्चमध्ये अरबी द्वीपकल्पावरील ‘शमाल’ वाऱ्यांनी उठलेल्या लाटा वायव्येकडून पश्चिम किनाऱ्यापर्यंत पोहोचतात. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०११ मध्ये त्यांचे सविस्तर वर्णन केले. १९६६ मध्ये स्थापन झालेली ही संस्था गोव्यातील दोना पावला येथे आहे. किनाऱ्यालगतचा प्रवाह उन्हाळी मोसमात दक्षिणेकडे, तर हिवाळ्यात उत्तरेकडे वाहतो. त्यामुळे एकाच ठिकाणी सांडलेल्या तेलाचे काय होईल, हे महिन्यावर अवलंबून असते.

याचे चांगले उदाहरण गोव्यात घडले. २३ मार्च २००५ रोजी गोव्याजवळ दोन जहाजांच्या टकरीत तेल सांडले. मार्चमध्ये या किनाऱ्यावर सहसा मंद वारे असतात. तसे असते तर तेल सावकाश सरकत किनाऱ्याला लागले असते. त्या वर्षी मात्र वारे तुलनेने जोरदार होते आणि त्यांनी तवंग किनाऱ्यापासून दूर ढकलला. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी संगणकीय प्रारूपाने काढलेला मार्ग प्रत्यक्ष निरीक्षणाशी जुळला आणि तवंगाच्या प्रवासात प्रवाहांपेक्षा वाऱ्याचा वाटा मोठा होता, हे स्पष्ट झाले. मुंबई बंदराबाहेर ७ ऑगस्ट २०१० रोजी ‘एमएससी चित्रा’ व ‘खलिजिया ३’ यांच्या टकरीनंतर सांडलेले तेल ऐन पावसाळ्यात, भरतीच्या पाण्याबरोबर खाड्यांत व खारफुटीत शिरले. किनाऱ्याने वेढलेल्या बंदरात भरती-ओहोटीपुढे लाटांचे वहन गौण ठरते.

तेलगोळे

समुद्रात सांडलेल्या तेलातील हलके घटक उडून जातात; उरलेले घट्ट, काळे तेल लाटांच्या माऱ्याने व वाळूच्या मिश्रणाने गोळ्यांचे रूप घेते. त्यांना तेलगोळे किंवा टारबॉल म्हणतात. कपाटात ठेवायच्या डांबरगोळ्यांशी त्यांचा काही संबंध नाही. दक्षिण गुजरातपासून गोव्यापर्यंतच्या किनाऱ्यावर ते पावसाळ्याच्या सुमारास येतात, इतर ऋतूंत सहसा येत नाहीत. पायाला चिकटणारे हे गोळे पर्यटकांना नकोसे वाटतात, जाळी खराब झाल्याने मच्छीमारांचे नुकसान होते.

हे तेल येते कोठून, हा वादाचा मुद्दा आहे. आंतरराष्ट्रीय तेलवाहू जहाजांचा मार्ग या किनाऱ्याजवळून जातो, त्यामुळे जहाजांच्या टाक्या धुतलेले पाणी हेच कारण असावे असा प्रचलित समज होता. २०१० व २०११ मधील नमुन्यांच्या रासायनिक परीक्षणाने त्याला दुजोराही मिळाला. मे २०१३ मध्ये गोव्यातील ९ किनाऱ्यांवरून घेतलेल्या नमुन्यांचे चित्र वेगळे निघाले. तेलातील जैवखुणा व कार्बनच्या समस्थानिकांची तुलना करता, मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर अंतरावरील बॉम्बे हाय क्षेत्रातील तेलाचाही त्यात वाटा असू शकतो, असे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांना आढळले. गुजरातपासून गोव्यापर्यंतच्या सुमारे ६५० किलोमीटरांच्या पट्ट्याला अशा प्रदूषणाचा संभव आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. संगणकावर एप्रिलमध्ये सोडलेले काल्पनिक कण आग्नेयेकडे सरकत मे महिन्यात गोव्याला पोहोचले. रसायनशास्त्राने तेलाची ओळख पटवायची आणि वहनाच्या गणिताने त्याचा मार्ग तपासायचा, अशी ही दुहेरी पद्धत आहे. दोहोंपैकी एकच पुरावा हाती असेल तर जबाबदारी निश्चित करणे अवघड जाते.

प्लास्टिकच्या गोळ्या

कारखान्यांत कच्चा माल म्हणून वापरल्या जाणाऱ्या, काही मिलिमीटर आकाराच्या प्लास्टिकच्या गोळ्या गोव्याच्या पुळणींवर आढळतात. त्यांत पांढऱ्या रंगाच्या व पॉलिएथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीनच्या गोळ्या अधिक असतात. त्या बहुतांशी समुद्रमार्गे, मोसमी वारे व पृष्ठप्रवाहांबरोबर येतात, असे अभ्यासकांचे मत आहे. २०२१ मध्ये कोलंबोजवळ ‘एक्स-प्रेस पर्ल’ जहाजाला लागलेल्या आगीनंतर सुमारे १,६८० टन गोळ्या समुद्रात गेल्या. २५ मे २०२५ रोजी केरळजवळ ‘एमएससी एल्सा ३’ बुडाल्यावर अशाच गोळ्या तिरुवनंतपुरमच्या किनाऱ्यावर वाहून आल्या. तेल कालांतराने विघटित होते. या गोळ्या वर्षानुवर्षे टिकतात आणि प्रत्येक मोसमातील लाटा त्यांना नव्याने हलवतात.

अंतर्देशीय उगम

समुद्रातील सर्व प्लास्टिक जहाजांतून पडलेले नसते; बरेचसे नद्यांतून येते. महाराष्ट्राला अरबी समुद्राचा किनारा असला तरी राज्याचा बहुतांश भाग गोदावरी व कृष्णा यांच्या खोऱ्यांत मोडतो व त्याचे पाणी बंगालच्या उपसागराला मिळते. यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा परिसरातील नाल्यात पडलेली पिशवी वाहत गेली, तर तिचा मार्ग पैनगंगा, वर्धा, प्राणहिता व गोदावरी असा आंध्र प्रदेशच्या त्रिभुज प्रदेशाकडे जातो, कोकणाकडे नव्हे. वाटेतील धरणे व बंधाऱ्यांत, पुलांच्या खांबांना आणि काठच्या झुडपांत असा बराच कचरा अडकतो. जो पुढे जातो तो मुख्यतः पुराच्या दिवसांत, म्हणजे उपसागरात नैर्ऋत्येकडून उंच लाटा येत असताना मुखाशी पोहोचतो. अशा वेळी पृष्ठभागावरील लाटांचे वहन त्याला खुल्या समुद्राऐवजी पुन्हा किनाऱ्याकडे लोटण्याचा संभव अधिक असतो.

उपयोग व मोजमाप

हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र, म्हणजेच इन्कॉइस, तेलगळतीच्या वेळी तवंगाच्या संभाव्य मार्गाचा अंदाज तटरक्षक दलासारख्या यंत्रणांना पुरवते. समुद्रात बेपत्ता झालेल्या व्यक्ती व होड्यांचा शोध कोणत्या भागात घ्यावा हे सुचवणारी ‘सरत’ ही सेवा याच केंद्राने २०१६ मध्ये सुरू केली. शोधायची वस्तू माणूस आहे, रिकामी होडी आहे की तराफा, यानुसार तिचे वहन बदलते. पहिल्या काही तासांत शोधाची दिशा चुकली तर शोधक्षेत्र झपाट्याने वाढत जाते.

प्रत्यक्ष मोजमाप अवघड आहे. प्रयोगशाळेतील लाटांच्या लांब टाकीचे दुसरे टोक बंद असते. स्टोक्स वहनाने पुढे गेलेले पाणी तेथून परत फिरते व टाकीत उलट प्रवाह तयार होतो. म्हणून टाकीत मोजलेला कणाचा वेग थेट समुद्राला लावता येत नाही. खुल्या समुद्रात उपग्रहाद्वारे माग काढता येणारे तरंगते मापक सोडतात. त्यांपैकी काही मापकांखाली सुमारे १५ मीटर खोलीवर कापडी ओढ लावलेली असते, त्यामुळे ते खोल प्रवाहाबरोबर जातात. ओढ नसलेले मापक पृष्ठभागाच्या लाटा व वाऱ्याबरोबर भरकटतात. एकाच जागी सोडलेल्या या दोन प्रकारच्या मापकांतील अंतरावरून वरच्या थरातील वहनाचा अंदाज बांधतात, मात्र त्यातून वाऱ्याचा थेट परिणाम वजा करणे हे काम अजूनही प्रारूपांवरच सोपवावे लागते.